रेडिओचं झाकण कोणी उघडायचं?

अमेरिकेत स्वतःचं छोटं विमान असणं ही फक्त अब्जाधीशांची मिरास नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बनलेली चार सीटची सेसना साध्या नोकरदार माणसांकडेही असते. कधी एकट्याची, कधी तिघा-चौघांची भागीदारीत. असा मालक स्वतः परवानाधारक पायलट असेल आणि विमान एअरलाइन किंवा भाड्याच्या वाहतुकीसाठी वापरत नसेल, तर त्याला विमानावर स्वतःच्या हाताने कोणती कामं करता येतात याची यादी तिथल्या नियमांतच दिलेली आहे. फेडरल एव्हिएशन रेग्युलेशन्स, भाग ४३, परिशिष्ट 'ए', परिच्छेद 'सी'.

नियमांच्या पुस्तकात वाचण्यासारखं फारसं काही नसतं, पण ही यादी मजेशीर आहे. टायर बदलणे. बॅटरी बदलणे. स्पार्क प्लग काढून साफ करणे आणि त्याची गॅप लावणे. लँडिंग लाइटचा बल्ब बदलणे. सीटचं फाटलेलं कापड शिवणे. सीट बेल्ट बदलणे. हायड्रॉलिक तेल भरणे. आणि याच ओळीत, अगदी सहज सांगितल्यासारखं: इंधनाच्या तयार मिळणाऱ्या नळ्या बदलणे.

हे शेवटचं पुन्हा एकदा वाचा. इंधनाची नळी! ती नीट बसली नाही तर इंजिन हवेत बंद पडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे आग लागेल. तरीही सरकार म्हणतं, बदल बाबा तुझी तू, फक्त लॉगबुकात नोंद कर आणि सही कर.

आणि हाच माणूस त्याच विमानातल्या रेडिओचं झाकण उघडून आतला एक स्क्रू पाव वळसा फिरवू शकत नाही. रेडिओ बंद पडला तर विमान पडत नाही. इंजिन चालू राहतं, पंख जागेवर राहतात, चांगल्या हवेत पायलट खिडकीबाहेर बघून आरामात उतरू शकतो. मग जीव घेऊ शकणारी गोष्ट मालकाच्या हातात, आणि बोलायचा डबा मात्र कुलपात, असं का?

आपल्यासारख्या, लॅपटॉप दिसला की आधी खालचे स्क्रू शोधणाऱ्या लोकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली आहे: सरकारी बाबूंचा मूर्खपणा. पण या नियमांचा इतिहास बघितला तर त्यामागे एक विचार सापडतो, आणि तो विमानांपुरता मर्यादित नाही.

सुरुवात विमानापासून होत नाही, जहाजापासून होते. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं. त्या रात्री आणि पुढच्या दिवसांत अटलांटिकच्या किनाऱ्यावर वायरलेसचा नुसता गोंधळ होता. जहाजं, किनाऱ्यावरची स्टेशनं आणि घरी सेट बनवून बसलेले हौशी लोक, सगळे एकाच वेळी बोलत होते. जहाज सुखरूप आहे, ओढून आणलं जातंय, अशा खोट्या बातम्या वर्तमानपत्रांत छापून आल्या आणि त्याचं खापर बरंचसं हौशी लोकांवर फुटलं. ऑगस्ट १९१२ मध्ये अमेरिकेने रेडिओचा कायदा केला. यापुढे जो ट्रान्समिट करेल त्याला परवाना हवा. हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याखालच्या तरंगलांबीत ढकलण्यात आलं, जी तेव्हा निरुपयोगी समजली जात होती.

इथे एक बारकावा आहे. परवाना हवा तो बोलणाऱ्याला. ऐकणाऱ्याला नाही. आपल्याकडे याच्या बरोबर उलट गंमत होती. घरच्या आजी-आजोबांना विचारा, १९८० च्या दशकापर्यंत घरात गाणी ऐकायचा रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन लायसनची फी भरावी लागायची. तो महसुलाचा मामला होता. ऐकणाऱ्या रेडिओमुळे शेजाऱ्याचं काही बिघडत नाही. बोलणाऱ्या रेडिओमुळे सगळ्या गावाचं बिघडू शकतं.

पुढचं वळण १९२६ चं. त्या वर्षी एप्रिलमध्ये एका खटल्यात कोर्टाने ठरवलं की वाणिज्य खात्याला स्टेशनांवर हवी तशी फ्रीक्वेन्सी लादायचा अधिकार नाही. झालं! पुढचे काही महिने ज्याला जी फ्रीक्वेन्सी आवडेल ती त्याने घेतली, आणि श्रोत्यांना शिट्ट्या आणि किंचाळ्यांशिवाय काही ऐकू येईना. शेवटी फेब्रुवारी १९२७ मध्ये नवा रेडिओ कायदा आला आणि १९३४ मध्ये एफसीसी, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, स्थापन झालं.

आणि नेमकं त्याच १९२६ च्या मे महिन्यात विमानांचाही पहिला केंद्रीय कायदा झाला, एअर कॉमर्स अ‍ॅक्ट. विमानांची नोंदणी, पायलटांचे परवाने, मेकॅनिकचे परवाने हे सगळं तिथून सुरू झालं. नावं आणि पाट्या बदलत बदलत १९५८ मध्ये त्याचं एफएए झालं. म्हणजे रेडिओचं आणि विमानाचं सरकार जवळपास एकाच वेळी, पण दोन वेगळ्या घरांत वाढलं. विमानातला रेडिओ ही दोघांच्या हद्दीत येणारी वस्तू. त्यामुळे त्याला कुलपं दोन आणि किल्ल्याही दोन. एफएए विचारणार, विमानाला हात लावणारा तू कोण? एफसीसी विचारणार, ट्रान्समीटरला हात लावणारा तू कोण?

एफसीसीच्या कुलपाचं कारण समजून घ्यायला थोडी आकडेमोड करूया. (घाबरू नका, शाळेतलीच आहे.)

विमानांचं बोलणं ११८ मेगाहर्ट्झच्या वर चालतं. आधीच्या काळात प्रत्येक चॅनेलसाठी वेगळा क्वार्ट्झ क्रिस्टल लावावा लागे, त्यामुळे छोट्या विमानात मोजकेच चॅनेल असत. पुढे ११८ ते १३६ या पट्ट्यात दर ५० किलोहर्ट्झला एक, असे ३६० चॅनेल झाले. विमानं वाढली तशी जागा कमी पडू लागली, मग दर २५ किलोहर्ट्झला एक, म्हणजे ७२० चॅनेल. पट्टा १३७ पर्यंत वाढल्यावर झाले ७६०. थोडक्यात, एकाच जमिनीचे प्लॉट पाडून लहान लहान करत गेले आणि भिंती जवळ जवळ आल्या.

आता भिंती जवळ आल्या की हातपाय पसरून झोपता येत नाही. जुन्या सेट्सना फ्रीक्वेन्सी ०.००५ टक्क्यांनी इकडे-तिकडे सरकली तर चालायचं. १२० मेगाहर्ट्झवर ते होतात ६ किलोहर्ट्झ. १ जानेवारी १९९७ पासून एफसीसीने ही सूट ०.००३ टक्क्यांवर आणली, म्हणजे ३.६ किलोहर्ट्झ. ज्या जुन्या सेट्सना ते जमत नव्हतं ते चालू स्थितीत असूनही वापरातून बाद झाले. बऱ्याच मालकांनी तेव्हा बोटं मोडली असणार. सेट उत्तम चालतोय, टॉवरशी बोलणं होतंय, मग टाकायचा कशाला?

खरी मेख इथेच आहे. "माझा सेट उत्तम चालतोय" हे मालकाला कळतं कशावरून? त्याला पलीकडचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं यावरून. पण तो झाला रिसीव्हर. आपला ट्रान्समीटर नेमका कुठे बोलतोय, शेजारच्या चॅनेलवर सांडतोय का, त्यातून भलत्याच फ्रीक्वेन्सीवर काही कचरा बाहेर पडतोय का, हे कॉकपिटमध्ये बसून कळायला मार्गच नाही. ते कळतं दुसऱ्याला. आणि त्या दुसऱ्याला हे कोणाचं काम आहे ते कळत नाही.

याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे अडकलेलं माइकचं बटण. विमानाच्या रेडिओवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि आपण बोलत असताना आपला रिसीव्हर बंद असतो. बटण चुकून दाबलेलं राहिलं, तर त्या भागातल्या सगळ्या विमानांची फ्रीक्वेन्सी एकटा माणूस अडवून बसतो. बाकीचे सगळे चिडलेले. आणि ज्याच्यामुळे हे झालं, त्याला काय ऐकू येतं? काहीच नाही. त्याला वाटतं, वा, आज किती शांत आहे!

म्हणून एफसीसीचा नियम असा की विमानातला ट्रान्समीटर बसवताना किंवा दुरुस्त करताना त्याचं जे काही अ‍ॅडजस्टमेंट आणि टेस्टिंग होईल, ते जनरल रेडिओटेलिफोन ऑपरेटर परवाना असलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि जबाबदारीवर व्हायला हवं. या परवान्याला परीक्षा आहे. कायद्याचे २४ प्रश्न, त्यातले १८ बरोबर हवेत. इलेक्ट्रॉनिक्सचे १००, त्यातले ७५ बरोबर हवेत. याउलट पायलटला नुसतं बोलण्यासाठी जो रेडिओचा परवाना लागायचा (देशाबाहेर उडायचं तर अजूनही लागतो), त्याला परीक्षाच नाही. फॉर्म भरा, फी भरा, आयुष्यभरासाठी घ्या. कायद्याच्या नजरेत बोलणं आणि सेट उघडणं ही किती वेगळी कामं आहेत ते यातून दिसतं.

"पण मग हॅमवाले?" असा प्रश्न कोणीतरी विचारणारच. हॅम रेडिओवाला तर स्वतःचा ट्रान्समीटर घरी सोल्डरिंग करून बनवतो, अमेरिकेतही आणि भारतातही. बरोबर. पण तो आधी तांत्रिक परीक्षा देतो, आणि त्याला दिलेली फ्रीक्वेन्सी मुळात प्रयोग करण्यासाठीच राखलेली आहे. तिथे त्याचा सेट घसरला तर दुसऱ्या हॅमच्या गप्पा बिघडतात. विमानाच्या पट्ट्यात घसरला तर ढगात वाट बघत असलेल्या विमानाला उतरायची परवानगी नीट ऐकू येत नाही.

आता एफएएच्या कुलपाकडे येऊ. भाग ४३ मूळ १९६४ चा. दुरुस्ती कोणी करायची, नोंद कशी ठेवायची, सगळं त्यात आहे. रेडिओचं कॅलिब्रेशन हे तिथे 'मोठी दुरुस्ती' या सदरात मोडतं. म्हणजे एखादा परवानाधारक मेकॅनिक इंजिन उघडून पुन्हा जोडत असला, तरी रेडिओ कॅलिब्रेट करायचा तर तो रेडिओचं रेटिंग असलेल्या मान्यताप्राप्त वर्कशॉपकडेच जाणार. मालकाची तर गोष्टच सोडा.

पण दरम्यान रेडिओ बदलला. तो पॅनेलमध्ये एका ट्रेवर सरकवून बसवायचा डबा झाला. मागच्या बाजूला कनेक्टर, डबा आत ढकलला की आपोआप जोडला जातो. समोरच्या भोकातून अ‍ॅलन की घालायची, एक स्क्रू सैल करायचा, डबा बाहेर. सर्व्हरच्या रॅकमधून हार्ड डिस्क काढतो तसंच. वर्कशॉपवाला दुरुस्तीच्या आधी नेमकं हेच करणार, आणि त्यासाठी मालकाने बिघडलेल्या रेडिओनिशी तिथवर उडत जायचं, किंवा मेकॅनिकला बोलावून त्याच्या वेळेचे पैसे मोजायचे. शिवाय बऱ्याचदा बिघाड असतो तो नुसता मळलेल्या कनेक्टरचा. डबा काढून पुन्हा नीट बसवला की सेट बोलायला लागतो. (बंद करून पुन्हा चालू करा, हा सल्ला आपल्याच धंद्याची मक्तेदारी नाही!)

१९९६ मध्ये एफएएने हे मान्य केलं. मालकाच्या यादीत एकतिसावं कलम आलं: पॅनेलच्या समोर बसवलेला, ट्रेच्या कनेक्टरला जोडला जाणारा, पुन्हा पुन्हा काढता-घालता येईल असाच बनवलेला नेव्हिगेशन किंवा कम्युनिकेशनचा डबा मालक काढू आणि बसवू शकतो. सोबत कंपनीच्या सूचना हव्यात, आणि वापरण्याआधी तो चालतोय का हे तपासायला हवं. लॉगबुकात काय केलं, कधी केलं, सही, परवान्याचा नंबर आणि प्रकार लिहायचा. डबा पोस्टाने वर्कशॉपला पाठवायचा, दुरुस्त होऊन आला की स्वतः बसवायचा. झाकण मात्र अजूनही उघडायचं नाही.

त्याच १९९६ च्या फेब्रुवारीत नवा टेलिकम्युनिकेशन्स कायदा झाला, आणि त्याच्या आधाराने एफसीसीने देशातल्या देशात उडणाऱ्या खासगी विमानांना स्टेशनचा वेगळा परवाना घ्यायची अट काढून टाकली. आणि लगेच १९९७ च्या पहिल्या दिवसापासून फ्रीक्वेन्सीची सूट कडक झाली. हे तिन्ही बदल शेजारी ठेवून बघा. कागद कमी झाले. डबा काढायची मुभा मिळाली. पण ट्रान्समीटर कुठे बोलतो, याबद्दलची अट आणखी घट्ट झाली. जे मालकाला दिसतं त्यात ढील, जे त्याला दिसत नाही त्यात ताण.

एकतिसाव्या कलमातली वगळलेली नावं वाचली की हे आणखी स्पष्ट होतं. ऑटोपायलट नाही. अंतर मोजणारं डीएमई नाही. आणि ट्रान्सपाँडर नाही. यांतला ट्रान्सपाँडर आपण नीट बघू.

ट्रान्सपाँडरचा डबाही तसाच ट्रेवर बसतो, तसाच एका स्क्रूने निघतो. काढायला तो कम्युनिकेशनच्या डब्यापेक्षा अवघड नाही. मग वगळला का? कारण हा डबा पायलटशी बोलतच नाही. जमिनीवरच्या रडारने विचारलं की तो उत्तर देतो: माझा नंबर अमुक, माझी उंची तमुक. ही उंची बहुतेक छोट्या विमानांत एका वेगळ्या एन्कोडरकडून येते, पायलटच्या समोरच्या अल्टिमीटरवरून नाही. म्हणजे पायलटसमोरचा काटा बिनचूक ५,५०० फूट दाखवत असताना त्याचंच विमान जगाला ६,००० फूट सांगत असू शकतं. नियमाप्रमाणे या दोन आकड्यांत १२५ फुटांहून जास्त फरक नको. पण तो फरक पायलटला कधी कळणार? कंट्रोलरने सांगितलं तरच.

आणि या आकड्यावर दुसऱ्यांचे जीव अवलंबून असतात. ३१ ऑगस्ट १९८६ ला लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस गावावर एरोमेक्सिकोचं डीसी-९ आणि एक छोटं पायपर विमान आदळलं. विमानांतले ६७ आणि जमिनीवरचे १५, एकूण ८२ माणसं गेली. पायपरमध्ये ट्रान्सपाँडर होता, पण उंची सांगणारा नव्हता. रडारच्या पडद्यावर उंचीविना एक ठिपका, बस. त्यानंतर मोठ्या विमानतळांच्या आसपास ३० नॉटिकल मैलांत उंची सांगणारा ट्रान्सपाँडर जवळजवळ सगळ्यांना सक्तीचा झाला, आणि एअरलाइनच्या विमानांत टीकॅस आलं, जे समोरच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरला प्रश्न विचारून टक्कर टाळतं. आपल्याकडे हा धडा १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीला मिळाला. एका विमानाने नेमून दिलेली उंची सोडून खाली यायला सुरुवात केली होती आणि दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर उंची दिसायचीच नाही. ३४९ बळी गेले. त्यानंतर भारतानेही टीकॅस सक्तीचं केलं.

पण टीकॅस ऐकतं ते समोरच्याच्या ट्रान्सपाँडरचं. २९ सप्टेंबर २००६ ला ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनवर ३७,००० फुटांवर गोल कंपनीचं बोइंग ७३७ आणि एक छोटं बिझनेस जेट समोरासमोर धडकले. जेटचा ट्रान्सपाँडर बराच वेळ स्टँडबायवर होता. कंट्रोलर्सच्याही चुका झाल्या होत्याच, पण जेटच्या पायलटांच्या दृष्टीने विमान व्यवस्थित उडत होतं. पॅनेलवरच्या छोट्या अक्षरांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. जेट कसंबसं उतरलं, त्यातले सातही जण वाचले. बोइंगमधले सगळे १५४ जण गेले.

म्हणून दर २४ महिन्यांनी ट्रान्सपाँडरची तपासणी करावी लागते, आणि ती मालक नाही, स्वतंत्र मेकॅनिकही नाही, योग्य ती उपकरणं आणि रेटिंग असलेलं वर्कशॉप (किंवा विमान बनवणारी कंपनी वगैरे) करतं.

आता याच्या विरुद्ध टोकाचं उदाहरण. व्हीओआर नावाचं एक जुनं आणि भरवशाचं नेव्हिगेशन आहे. जमिनीवरच्या स्टेशनपासून आपण कोणत्या दिशेला आहोत हे ते सांगतं. ढगांतून उपकरणांवर उडायचं तर गेल्या ३० दिवसांत या रिसीव्हरची तपासणी झालेली असायला हवी. ती कोण करतं? खुद्द पायलट! विमानतळावरच्या ठरलेल्या जागी उभं राहून वाचन घ्यायचं, चूक ४ अंशांच्या आत हवी. हवेत तपासलं तर ६ अंश चालतात. दोन रिसीव्हर असतील तर एकमेकांशी ताडून बघायचे, फरक ४ अंशांच्या आत. तारीख, जागा, चूक, सही. संपलं. ढगात वाट चुकून डोंगरावर आदळणं हा काही किरकोळ धोका नाही. तरीही हे काम पायलटकडे, कारण इथली चूक पायलटला स्वतःला मोजता येते.

एखाद्या सिद्धांताची परीक्षा टोकाच्या केसमध्ये होते, तशी इथेही घेऊया. अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीला एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली ती याच लोकांसाठी. गॅरेजमध्ये पंखांना रिव्हेट मारणारी, इंजिन स्वतः बसवणारी माणसं. अशा एक्सपेरिमेंटल विमानांना भाग ४३ मुळात लागूच होत नाही. म्हणजे यादी नाही, कलम एकतीस नाही, काही नाही. अख्खं विमान तुमचं. पण तिथेही दोन गोष्टी सुटत नाहीत. ट्रान्सपाँडरची २४ महिन्यांची तपासणी, आणि ट्रान्समीटरबद्दलचा एफसीसीचा नियम. स्वतःचा पंख स्वतः बांधायचं स्वातंत्र्य दिलेल्या माणसालाही या दोन डब्यांबाबत कायदा म्हणतो, थांब.

यावरून माझं उत्तर असं. या नियमांची रेघ काम किती अवघड आहे यावर ओढलेली नाही, आणि धोका किती आहे यावरही पूर्णपणे नाही. ती ओढली आहे चूक कोणाला दिसते यावर. इंधनाची नळी गळली तर मालकाला वास येतो, डाग दिसतो, आणि उडाल्यावर फटका आधी त्यालाच बसतो. अशी चूक टाळायला माणूस आपणहून जपतो. ट्रान्समीटर घसरला किंवा एन्कोडर खोटं बोलला, तर त्याला काहीच जाणवत नाही आणि किंमत कोणीतरी दुसराच मोजतो. तिथे स्वतःच्या जिवाची भीती कामाला येत नाही, म्हणून परीक्षा, उपकरणं आणि तिसऱ्या माणसाची सही लागते. कोणी कागदावर तत्त्व म्हणून हे लिहून मग नियम बनवले असं नाही. ऐंशी-नव्वद वर्षांत अपघात, भांडणं आणि तडजोडी होत होत रेघ तिथे जाऊन स्थिरावली.

सॉफ्टवेअरमध्ये आपण "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणतो तेव्हा हेच म्हणत असतो: मला जिथून दिसतं तिथून ठीक आहे. जो बदल बिघडला तर माझाच बिल्ड तुटेल, त्याला रिव्ह्यू थोडा सैल असला तरी चालतो. जो बिघडला तर तीन टीम पलीकडच्या कोणाच्या तरी डॅशबोर्डवर चुकीचा आकडा उमटेल, आणि मला कधी कळणारही नाही, तिथे दुसऱ्याची नजर हवीच. पण बहुतेक ठिकाणी रिव्ह्यू कडक असतो तो बदल किती मोठा आहे त्यावरून. दोनशे ओळींना तीन जणांची मान्यता, आणि एका ओळीच्या कॉन्फिगरेशनला कोणाचीच नाही.

मालकांची बाजूही खोटी नाही. रेडिओची चांगली वर्कशॉप सगळीकडे नाहीत, वाट बघावी लागते, बिलं तगडी असतात. नियमात एक खिडकी आहे: परवानाधारक मेकॅनिक प्रत्यक्ष लक्ष ठेवत असेल तर त्याच्या देखरेखीखाली मालक स्वतः हात काळे करू शकतो. शिवाय २००९ मध्ये एफएएच्या वकिलांनी एका पत्रात म्हटलं की ही यादी म्हणजे शेवटचा शब्द नाही, तिच्यासारखी इतर साधी कामंही त्यात बसू शकतात. आणि २०१३ पासून पॅनेलवरच्या जीपीएसचा नकाशांचा डेटाबेस भरणं हे देखभालीच्या कामांतूनच काढून टाकलं. ते काम पायलट करतो, सूचना पाळून आणि तपासून. अपडेट नीट झालं का हे त्याला पडद्यावर तारखेसकट दिसतं.

सगळ्यात मोठा बदल मात्र १ जानेवारी २०२० चा. त्या दिवसापासून गर्दीच्या हवाई क्षेत्रात एडीएस-बी सक्तीचं झालं. विमान आपली जागा, उंची आणि ओळख स्वतःहून सतत प्रसारित करतं. आणि एफएएने सोबत एक फार शहाणपणाची सोय केली. मालकाने उडून यायचं, वेबसाइटवर विमानाचा नंबर टाकायचा, आणि त्याच्या विमानाने काय काय सांगितलं, त्यात कुठे गडबड होती, याचा अहवाल त्याला फुकट मिळतो. १९१२ पासून जी चूक फक्त दुसऱ्याला दिसायची, ती पहिल्यांदाच ज्याची त्याला दिसू लागली.

याने २४ महिन्यांची तपासणी रद्द झालेली नाही, आणि ट्रान्सपाँडर अजूनही कलम एकतीसच्या बाहेरच आहे. पण रेघ जर खरंच "चूक कोणाला दिसते" यावर ओढलेली असेल, तर ती सरकवायचा वाद यापुढे या अहवालाच्या जोरावर घालता येईल. "मी हुशार आहे, मला जमतं" हा युक्तिवाद मालक पूर्वीपासून करत आले, आणि तो चालला नाही. "माझी चूक मला त्याच दिवशी कळते, हा घ्या कागद" हा युक्तिवाद वेगळा आहे. तो एफएए कधी ऐकेल ते बघायचं.